अक्का, तो जंतू तुझ्या हातचा नव्हता

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम.

तू असतीस तर हे सगळं मी फोनवर सांगायला घेतलं असतं आणि दुसऱ्याच वाक्याला तू मध्ये तोंड घातलं असतंस. आधी माझं ऐक म्हणून तुझ्याच चार गोष्टी मला ऐकवल्या असत्यास. पत्राचं एक बरं असतं, मध्ये बोलता येत नाही. तेव्हा आज तुला शेवटपर्यंत गप्प बसून ऐकावं लागणार आहे.

आज दुपारी डबा उघडला आणि तेवढ्यात रिपोर्ट आला. डबा तसाच राहिला. रिपोर्ट मी तीनदा वाचला, आमच्या लॅबच्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आल्यावर मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि अर्ध्या दिवसाची सुटी घे म्हणाल्या. आता घरी बसलेय. पोरगी बालवाडीतून यायला तासभर आहे, तेवढ्यात हे लिहून व्हायला हवं.

तू कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी विचारणारी, म्हणून शेवट आधी सांगते. चार वर्षांपूर्वी आपल्या हॉस्पिटलात बाळांच्या वॉर्डात जो संसर्ग झाला, तो तुझ्या हातांतून झाला नव्हता. ऐकलंस का अक्का? तुझ्या हातांतून झाला नव्हता!

दोन वर्षं उशीर झाला हे सांगायला. तू होतीस तोवर मलाच माहीत नव्हतं, आणि आता माहीत झालं तर तू नाहीस. असला कसला हिशेब गं हा?

आठवतं, नांदेडला आपण दोघी एकाच हॉस्पिटलात होतो तेव्हा लोक काय म्हणायचे? थोरली वर बाळं वाढवते आणि धाकटी खाली जंतू वाढवते. तू वरच्या मजल्यावर नवजात बाळांच्या वॉर्डात स्टाफ नर्स, मी तळमजल्यावर लॅबमध्ये टेक्निशियन. प्रत्येक गंभीर संसर्गातला जंतू मी छोट्या कुपीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचे, त्यावरून तू माझी किती टर उडवायचीस. "लोकं लोणचं ठेवत्यात, आमची सुनी जंतू ठेवून राहिली," असं सगळ्या वॉर्डाला सांगत फिरायचीस. फ्रीजर बिघडला तेव्हा त्या कुप्या बर्फाच्या डब्यात घालून मी दुसऱ्या विभागाच्या फ्रीजरमध्ये नेल्या होत्या आणि तिथल्या माणसाची बोलणी खाल्ली होती. तेव्हा हसलीस. आता बघ त्या लोणच्याचं काय झालं ते.

तो आठवडा मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. चार बाळांना एकापाठोपाठ ताप आला. चौघांच्या रक्तात एकच जंतू निघाला, क्लेबसिएला. तीन बाळं वाचली. अर्धापूरकडच्या त्या बाईचं बाळ गेलं. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेलं, त्यांच्या केळीच्या बागेत जाऊन नवस फेडायचं ठरलेलं. तू त्या बाईजवळ दिवसभर बसून होतीस, तुझी पाळी संपली तरी उठली नाहीस.

मग वरून हुकूम आला, सगळ्यांचे स्वॅब घ्या. मी फरशीचे घेतले, बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रांचे घेतले, नळांचे घेतले, दाराच्या कड्यांचेसुद्धा घेतले. नंतर सगळ्या स्टाफला ओळीत उभं केलं. पहिली तू आलीस, दोन्ही हात पुढं करून. माझ्यापासनं सुरू कर म्हणालीस. किती फुटले होते तुझे हात! दिवसातून पन्नास वेळा धुऊन बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. मी कापूस फिरवला तेव्हा तुला झोंबलं असणार, पण तू हात मागे घेतला नाहीस.

दोन दिवसांनी जंतू वाढवायच्या बशा बघितल्या, तर सगळ्या हातांमध्ये एकाच बशीवर क्लेबसिएला उगवला होता, आणि ती बशी तुझी होती.

आज खरं सांगते. ती बशी फेकून द्यावी असं माझ्या मनात आलं होतं. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. पण मी फेकली नाही, रजिस्टरात तुझं नाव लिहिलं आणि त्यापुढं जंतूचं नाव लिहिलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण जे दिसलं ते लिहायचं हे माझं काम. पश्चात्ताप आहे तो पुढच्या एका शब्दाचा. तेव्हाच्या लॅबच्या साहेबांनी विचारलं, बाळांत सापडला तोच जंतू आहे का? आणि मी म्हणाले, "हो, तोच."

तोच! मला काय माहीत होतं तोच की दुसरा? मला फक्त नाव सारखं दिसत होतं.

उमरीला आपल्या गल्लीत कांबळ्यांची किती घरं आहेत, आठव. पोस्टमन आपलं टपाल हटकून दुसऱ्याच कांबळ्यांकडं टाकायचा आणि तू पदर खोचून भांडायला जायचीस. सगळे कांबळे एका आईचे असतात काय, म्हणून त्याला झापायचीस. जंतूंचंही तसंच असतं गं. आमच्या बशीवर कळतं ते फक्त आडनाव. क्लेबसिएला कुणाच्याही पोटात, कुणाच्याही हातावर सापडू शकतो. हा कुठल्या घरचा, ह्याची आई कोण, आजी कोण, हे कळायचं तर त्याच्या आतली लाखो अक्षरांची ओळ अक्षर न् अक्षर वाचावी लागते. त्याला जीनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. तेव्हा ते आपल्या आवाक्यात नव्हतं. पण मला एवढं तर म्हणता आलं असतं, की साहेब, आडनाव एक आहे, घर एक आहे का ते माहीत नाही. मी म्हणाले नाही. पोस्टमनचीच चूक मी केली, आणि तीसुद्धा आपल्याच घराच्या बाबतीत.

आणि तू? तुझ्यावरही माझा राग आहे. तू भांडली का नाहीस माझ्याशी? कोथिंबिरीच्या जुडीवरून बाजार डोक्यावर घेणारी बाई तू. त्या दिवशी मी जिन्यात तुला गाठलं, काही बोल म्हणाले, तर खाली बघत एवढंच म्हणालीस, "तू लिवलंस ते बरोबर हाय सुनी. लेकरू गेलंय." त्यानंतर पंधरा दिवसांत राजीनामा देऊन लातूरला निघून गेलीस. आईला सांगितलंस की भाऊजींचं काम लातुरात आहे, कुठवर असं दोन ठिकाणी राहायचं. आईला ते खरं वाटलं, आणि मीही ते तसंच राहू दिलं.

लातूरला एका दवाखान्यात तू केसपेपर लिहायचं काम धरलंस. बाळं हातात घेणारी बाई कागद लिहायला लागली. मला वाटलं, थोडे दिवस जातील आणि परत वॉर्डात जाशील.

मग माझी पोरगी झाली. तू लातूरहून डिंकाचे लाडू आणि झबली घेऊन आलीस आणि दारातच उभी राहिलीस. मी म्हणाले, घे ना हिला. तू हात पदराखाली घेतलेस. "नगं. मी लांबूनच बघते," म्हणालीस. अख्ख्या वॉर्डाची बाळं ज्या हातांतून गेली, त्या हातांनी माझ्या लेकराला घेतलं नाही! मला वाटलं, तू माझ्यावर रुसलीस. आईला तर त्याहून वाईट वाटलं. तुला मूलबाळ नाही म्हणून तुझ्या मनात खोट आली, असं ती आजही धरून बसली आहे. तू रुसली नव्हतीस, तुझ्या मनात खोटही नव्हती. तू भीत होतीस. हे मला कळायला तुझं आजारपण यावं लागलं. केमोच्या वेळी तुझा हात धरला तर तू तो सोडवून घेतलास आणि घरी जाण्याआधी हात धुऊन घे म्हणालीस. स्वतःसाठी नव्हे, माझ्या पोरीसाठी.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आपल्या वॉर्डातल्या बायका लातूरला आल्या होत्या. सगळ्या चांगलंच बोलल्या. एकजण मात्र हळूच म्हणाली, बाईच्या हाताला लई गुण होता, पण... आणि पुढं थांबली. तिचा तो 'पण' माझ्या छातीत तेव्हापासून अडकून आहे.

आता ह्या वर्षीचं ऐक. उन्हाळ्यात पुन्हा तीन बाळं आजारी पडली. पुन्हा क्लेबसिएला. आणि पुन्हा सगळ्यांच्या नजरा एका नर्सकडं वळल्या. वैशाली तिचं नाव, तिन्ही वेळा तीच ड्यूटीवर होती. कुणी तोंडावर बोललं नाही, पण तिच्या हातून बाळ घेताना बाया कचरायला लागल्या. मॅडमनी मला तिचा स्वॅब घ्यायला सांगितला. मी घेतला, पण म्हणाले, "मॅडम, ह्या वेळी 'तोच' हा शब्द मी लिहिणार नाही. अक्षरं वाचून येऊ द्या." मॅडम साहेबांनंतर आलेल्या, त्यांना आपली गोष्ट माहीत नव्हती. मी सांगितली. सांगताना आवाज चढला असेल माझा. त्यांनी सिक्वेन्सिंग करणाऱ्या एका मोठ्या लॅबशी बोलणं केलं.

बर्फाच्या डब्यात मी ह्या वेळच्या तीन बाळांचे जंतू घातले, वैशालीच्या हातावर उगवलेला जंतूही घातला. आणि मॅडमना विचारून फ्रीजरमधल्या पाच जुन्या कुप्या ठेवल्या. चार त्या वेळच्या बाळांच्या, पाचवी तुझ्या हाताची. तुझी कुपी ठेवताना काय झालं ते विचारू नकोस.

रिपोर्ट येईपर्यंत मी रोज वैशालीबरोबर चहा प्यायला वर जात होते. तीन आठवडे, एकही दिवस चुकवला नाही. काही विशेष बोलायचो नाही आम्ही. तुझ्याबरोबर त्या पंधरा दिवसांत मी एकदाही चहा प्यायला आले नव्हते, टाळत होते तुला. तेवढं तरी आता कुणासाठी करावं असं वाटलं.

पहिला रिपोर्ट मागच्या महिन्यात आला. वैशालीच्या हातावरचा जंतू वेगळ्याच घरचा होता. ह्या वेळच्या तिन्ही बाळांचे जंतू एका घरचे. आणि चार वर्षांपूर्वीच्या चारही बाळांचे जंतूसुद्धा त्याच घरचे! तुझ्या हातावरचा मात्र भलत्याच घराण्यातला, ह्यांच्याशी दूरदूरचं नातं नाही. मी मॅडमना दोनदा विचारलं, मी बरोबर वाचतेय ना? त्या म्हणाल्या, बरोबर वाचते आहेस.

तू नांदेड सोडलंस, तू जग सोडलंस, आणि तो जंतू तिथंच वॉर्डात मजेत राहत होता. तुझा काय संबंध होता त्याच्याशी?

तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. पण एकदा घाईनं बोलून काय झालं ते मी बघितलंय. तो राहत कुठं होता, हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं.

मग मी हिशोब मांडला. चार वर्षांत वॉर्डात काय बदललं नाही? यंत्रं नवीन आली, नळ बदलले, भिंती रंगवल्या, अर्धाअधिक स्टाफ गेला. दोन दिवस मी वॉर्डात स्टूल टाकून नुसती बघत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी हात धुवायच्या साबणाची बाटली संपत आली. आपल्या रुक्मिणमावशी, ज्या तुझ्या वेळीही वॉर्डाची साफसफाई बघायच्या, त्यांनी बाटली उचलली, नळाखाली धरली, पाणी घातलं, हलवली आणि जागच्या जागी ठेवली. वरून कॅनमधला थोडा साबण ओतला. मी विचारलं, मावशी, हे कामून? मावशी कौतुकानं सांगायला लागल्या. "आपल्या अक्का सिस्टरनीच शिकवलेलं हाय. इथं यायच्या आधी त्या लातूरच्या वॉर्डात होत्या, तिथं पाण्याचे वांधे होते तवा त्या असंच करायच्या. घट साबण धुवाया तांब्याभर पाणी लागतंय. पातळ केला की अर्ध्या तांब्यात हात निघतेत."

अक्का, मी ती बाटली उचलली आणि तशीच खाली लॅबमध्ये आणली.

त्या बाटलीचा तळ कधी कोरडा झालाच नव्हता. कालच्या साबणावर आजचं पाणी, आजच्या पाण्यावर उद्याचा साबण. आई कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घालते आणि विरजण वर्षानुवर्षं चालू राहतं, तसं. फरशी तपासली, नळ तपासले, माणसांचे हात तपासले, पण साबण तपासावा असं कुणाच्या डोक्यात येईल? बाटलीच्या तळातलं मी कल्चरला लावलं, क्लेबसिएला उगवला, तो मोठ्या लॅबला पाठवला. आजचा रिपोर्ट त्याचाच. साबणातला जंतू आणि सातही बाळांचा जंतू एका घरचे आहेत.

हे दुसरं तुला सांगू की नको, ह्यावर मी बाटलीत जंतू उगवल्यापासून अडले होते. पहिलं सांगून थांबता आलं असतं. तुझे हात निर्दोष, संपली गोष्ट. पण तुला अर्धवट काही चालायचं नाही, बाळाचं वजनसुद्धा दोनदा करायचीस. म्हणून पूर्ण सांगते. हात तुझे नव्हते, पण बाटलीत पाणी घालायची रीत तू आणली होतीस.

आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. लातुरात टँकरची वाट बघत वॉर्ड चालवायचा होता तेव्हा पाणी नाही म्हणून हात धुणं सोडून देता आलं असतं. तू सोडलं नाहीस. अर्ध्या तांब्यात का होईना, प्रत्येक बाळाआधी हात धुतलेस आणि दुसऱ्यांना धुवायला लावलेस. साबणात जंतू जगतो हे तुला माहीत नव्हतं. साहेबांना माहीत नव्हतं. मला तर जंतूंचाच पगार मिळतो, मलाही माहीत नव्हतं. तुमचे स्वॅब घ्यायच्या आधी मी त्याच बाटलीनं हात धुतले होते गं! नांदेडला पाणी होतं, तरी रीत चालू राहिली, आणि आम्ही सगळ्यांनी ती बघितली. अर्धापूरच्या त्या लेकराचं दुःख आपल्या सगळ्यांचं आहे. ते एकटीनं उचलून लातूरला नेण्याचा तुला काही हक्क नव्हता.

बाटलीतला जंतू उगवला त्याच दिवशी, रिपोर्टची वाट न बघता, मावशींनाही हे सांगावं लागलं, कारण बाटल्या लगेच काढायच्या होत्या. त्या पार खचल्या होत्या, म्याच मारलं का लेकरू, असं विचारत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि नाही म्हणाले, पुन्हा पुन्हा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सगळे कॅन आणि बाटल्या वॉर्डाबाहेर काढल्या. आता छोट्या बंद बाटल्या येतात, उघडली की तारीख टाकायची, संपली की फेकायची. परवा एका डॉक्टरनं सवयीनं बाटलीत पाणी घालायला नेलं, तर मावशींनी त्याला असा काही फैलावर घेतला की तुझी आठवण आली. बाटल्या काढल्यापासून वॉर्डात हा जंतू एकदाही मिळालेला नाही. मी दर आठवड्याला शोधते, आणि न मिळाल्यावर इतका आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ह्या वेळची तिन्ही बाळं घरी गेली. एकाची आजी पेढे घेऊन थेट खाली आमच्या लॅबमध्ये आली. आमच्याकडं कोण येतं गं? आम्ही बशा घेऊन बसलो होतो, घाईघाईनं बाहेर जाऊन पेढे घेतले. वैशाली कामावर आहे, बाळं तिच्याच हातून घेतली जातात. आता संशय आला की आधी अक्षरं वाचायची, नंतर माणसाकडं बघायचं, असं मॅडमनी ठरवून टाकलंय.

उद्या अकरा वाजता सगळ्या स्टाफची बैठक आहे. रिपोर्ट मॅडम वाचतील. त्यानंतर मी उभी राहणार आहे. चार वर्षांपूर्वी 'तोच' कोण म्हणालं, ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. लातूरला 'पण' म्हणून थांबलेली ती बाईही तिथं असेल, तिचं वाक्य पुरं करून टाकते.

पण ते सोपं आहे. अवघड आहे उमरी. आई अजून तुझ्यावर रुसून आहे. तू तिला सोडून लातूरला गेलीस म्हणून, तिच्या नातीला हातात घेतलं नाहीस म्हणून. चार वर्षं मी तिच्या शेजारी बसून हे ऐकत आले आणि तोंडातून ब्र काढला नाही. खरं सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं ना त्यात! तुझ्यावर आळ येऊ दिला आणि मी आईची लाडकी धाकटी बनून राहिले. ह्याची माफी तुझ्याकडं मागायची मला लाज वाटते.

म्हणून वचन देते. ह्या रविवारी पहिल्या गाडीनं उमरीला जाते. कागद घेऊन जात नाही, आईला त्यातलं काय कळणार? तिच्यासमोर बसते आणि सगळं सांगते. तू का गेलीस, हात पदराखाली का घेतलेस, आणि तुझं नाव कुणी दिलं होतं. आई बोलेल मला, कदाचित बरेच दिवस बोलणारसुद्धा नाही. चालेल. पण ह्यापुढं तिला तुझ्यासाठी रडायचं असेल तर रुसवा न धरता रडता येईल. आधी मी माझं नाव सांगेन अक्का, जंतूचं मग.

तुझीच,
सुनी